नऊ चेहऱ्यांची भिंत

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी गावात घर बांधत नाहीत, कोरतात. टेकडीच्या पोटात शिरायचं, आणि जागा पुरली नाही की आणखी आत शिरायचं. उन्हाळ्यात बाहेर गाडीच्या पत्र्यावर अंडं तळून निघेल अशी आग पेटलेली असते, आत मात्र अंगावर पांघरूण घेऊन झोपता येतं. गावाच्या हद्दीत ओपल या रत्नासाठी खाण काढायला बंदी आहे, घर वाढवायला नाही. त्यामुळे इथे दोघा नवरा-बायकोच्या संसाराला सात-सात खोल्या लागतात, आणि आठवीची गरज नेमकी सातवीच्या भिंतीत काहीतरी चमकलं की भासते. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी कुणाला विचारत नाही.

मिर्याना आणि स्टिपे यांचं घर पाच खोल्यांचं होतं. सहावी स्टिपेने त्या उन्हाळ्यात काढायला घेतली, बैठकीच्या खोलीच्या पाठीमागे. सांगायला कारण उत्तम होतं. मुलगी लुत्से ॲडलेडला बाळंत झाली होती आणि नाताळानंतर तान्ह्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. पोरीला स्वतःची खोली नको का, असं स्टिपे म्हणाला. नवऱ्याच्या तोंडी मुलीचं नाव आलं की त्याच्या मागे ओपलचा दगड असतो, एवढं मिर्यानाला तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. पण खोली झाली तर तिलाही हवीच होती, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसण्याची किंमत पुढे मोजावी लागते हेही तिला ठाऊक असायला हवं होतं, पण ते असो.

खोली आधी एका खाटेपुरती झाली. मग दोन खाटांपुरती. मग स्टिपे म्हणाला, कपाटाला जागा लागेल.

"कपाट कुणाचं, हत्तीचं?" मिर्यानाने विचारलं.

दगड ठिसूळ लागलाय, बाजू सरळ करतोय, असं काहीतरी पुटपुटत तो आत गेला. तो कुठल्या बाजूने सरळ करतोय हे ओळखायला तिला आत जाऊन बघावं लागत नव्हतं. सुरुवातीला ड्रिलचा आवाज शेजाऱ्याच्या घरातून यावा तसा यायचा. आता बैठकीतल्या कपाटातले कप थरथरायचे. म्हणजे तो इकडेच येत होता, आणि दोन खोल्यांमधला खडक, ज्याच्यावर अख्ख्या टेकडीचा भार होता, तो दर दिवशी पातळ होत होता. मिर्यानाला भीती वाटायला लागली. तिने ती बोलूनही दाखवली. भिंत मी बघतो, तू चुलीकडे बघ, असं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांत त्याची खाण एकदाही कोसळली नव्हती, आणि हे तो बोलण्याच्या ओघात दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच.

मग एके दिवशी बैठकीच्या भिंतीवर, छताजवळ, तिला वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी चिकटवलेली दिसली. दोन दिवसांनी तिथे दुसरी पट्टी होती, जरा खाली. आठवड्याने तिसरी. जखमेवरच्या पट्ट्यांसारखं ते दिसत होतं आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. हे काय डकवलंयस, असं तिने विचारलं, तर स्टिपे म्हणाला, भिंत धूळ सोडतेय. आणि मग त्याने असं काही म्हटलं की मिर्यानाच्या हातातला चमचा हातातच राहिला.

"तू क्लबात ते रंगीबेरंगी काय काय करतेस ना, ते इथे कर. मोठं कर. वरपासून खालपर्यंत. आणि गोंद भरपूर लाव, थेट दगडाला."

जो माणूस तिच्या हस्तकलेला पोरखेळ म्हणायचा, पाहुण्यांसमोर 'आमच्या बाईसाहेब बालवाडीत जातात' म्हणून हसायचा, तो हे सांगत होता. तिला शंका यायला हवी होती. पण कौतुकाला उपाशी असलेलं माणूस घास तपासून खात नाही.

क्रोएशियन क्लबात रविवारी दुपारी बायका जमायच्या आणि शाळेतली एक तरुण मास्तरीण त्यांना पॉप आर्ट शिकवायची. तिचं म्हणणं सोपं होतं. मोठ्या चित्रकारांनी दुकानातले डबे, साबणाची खोकी, चित्रकथांमधली तोंडं उचलली आणि भिंतीवर टांगली, मग आपण का नाही? एकच तोंड घ्यायचं, ते पुन्हा पुन्हा काढायचं आणि दर खेपेला रंग असे लावायचे की रंगांनाच वेड लागलंय असं वाटावं. सामान म्हणजे घरातलाच कचरा. न्याहारीच्या खोक्यांचा पुठ्ठा, पतंगी कागद, पाण्यात कालवलेला पांढरा गोंद, कांद्याच्या पिशवीची जाळी. ठिपके उमटवायला पेन्सिलीच्या मागचं खोडरबर रंगात बुडवायचं. मिर्यानाला ते ठिपके फार आवडले. हजारो ठिपके, एकासारखा एक. जवळून बघावं तर नुसती गोवर उठल्यासारखी दिसते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं की तोंड आपल्याकडे बघत असतं.

तोंड कुणाचं काढायचं हे तिने स्टिपेला सांगितलं नाही. तिच्याकडे एक जुना फोटो होता. स्टिपे या गावात आला त्या वर्षीचा, खांद्यापर्यंत केस, दाढी-मिशी सफाचट, आणि पांढऱ्या मातीच्या ढिगावर उभा राहून असा हसतोय की सगळी टेकडी त्याच्याच नावावर आहे. त्याच हसण्यावर ती फसली होती. त्या फोटोवरून तिने पुठ्ठा कापला, केसांची काळी सावली, भुवया, नाकाखालची रेघ, ओठ. मग तो पुठ्ठा नऊ कागदांवर ठेवून नऊ स्टिपे काढले. एक गुलाबी, एक हिरवा, एक नारिंगी केसांचा, एक निळ्या ओठांचा. स्टिपे आत दगड फोडत असायचा आणि ही स्वयंपाकघरात त्याच्या गालावर ठिपके मारत असायची. इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती, हे सांगितलंच पाहिजे.

घोटाळा झाला चिकटवताना. तिने आधी एक कोपरा थेट दगडावर लावून बघितला. वाळूचा खडक गोंद पिऊन टाकतो, म्हणून सकाळी कागदाला फोड आले आणि तो लोंबायला लागला. नऊच्या नऊ अशी वाया जाऊ द्यायची? तिने पेटीतून एक चादर काढली. जाड लिननची, कडेला भरतकाम केलेली, स्टिपेच्या आईने लग्नात दिलेली. सासूने ती देताना म्हटलं होतं, ही फाटायची नाही, तुमचा संसार फाटला तरी. मिर्यानाने ती चादर तीस वर्षांत एकदाही अंथरली नव्हती. तिने चादरीवर सगळं चित्र डकवलं, घट्ट, गोंदाचे थरावर थर देऊन, आणि मग ती चादर कडेकडेने भिंतीला चिकटवून वरून लाकडी पट्ट्या ठोकल्या. स्टिपेच्या पट्ट्या खाली झाकून गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कागद दगडावरच आहे. चादरीबद्दल ती नवऱ्याला अवाक्षर बोलली नाही. आईच्या चादरीवर गोंद ओतला हे कळतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन आली तर स्टिपे चित्रासमोर उभा होता. नाक टेकेल इतक्या जवळ. चष्मा कपाळावर सरकवून तो वरपासून खालपर्यंत बघत होता, मग त्याने तळहात टेकवला आणि सावकाश, तिरक्या रेषेत, एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर फिरवत नेला. मिर्याना दारातच थांबली. त्याने तिच्या गालावरून असा हात फिरवल्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना.

"बरं चिकटलंय," तो म्हणाला आणि कॉफी घेऊन आत गेला.

त्यानंतर रोज सकाळी तो तसाच उभा राहायचा. रोज जवळून. हात फिरवायचा, समाधानाने हुंकारायचा आणि ड्रिल उचलायचा. मिर्याना स्वयंपाकघरातून चोरून बघायची आणि दिवसभर तिच्या अंगात उत्साह असायचा.

घरात मात्र काही ठीक नव्हतं. कॉफीवर साय धरावी तशी बारीक धूळ दिसायची. स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडायला लागलं, त्याला खांदा लावावा लागायचा. दुपारी ड्रिल थांबला की भिंतीतून टक् असा आवाज यायचा, वाळकं लाकूड मोडावं तसा, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. चित्रही बदलत होतं. मधल्या निळ्या ओठांच्या चेहऱ्याचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटायचं, त्याच्या गालावरच्या ठिपक्यांच्या सरळ ओळी तिरक्या झाल्या होत्या. हसरा स्टिपे आता दात आवळून उभा असल्यासारखा दिसायचा. गोंद पातळ झाला असेल, कागद आखडला असेल, अशी मिर्यानाने स्वतःची समजूत घातली. तरी त्या चेहऱ्याकडे पाठ करून बसायला तिला नको वाटायला लागलं. तिने एकदा पुन्हा विषय काढला, भिंत पातळ झाली का रे म्हणून.

"भिंत हललेली नाही," स्टिपे म्हणाला. "मी रोज बघतो. कडेला रंग लागलाय, मिर्याना. हिरवा, लाल, आत जातोय. आणखी हातभर फक्त."

रंग म्हणजे ओपल. एकदा या गावातला माणूस 'हातभर फक्त' म्हणाला की त्याला देवही थांबवू शकत नाही.

लुत्से आली ती भर दुपारी, घामाने निथळत, काखेत तान्ही निका आणि मागे सामानाची वरात. थंड खोलीत पाऊल टाकल्यावर तिने आधी सुस्कारा सोडला आणि मग भिंतीकडे बघून तोंडावर हात धरला. तिला ओळखायला क्षणही लागला नाही.

"आई, हे बाबा आहेत. हे केस! बाबांना कळलं?"

"रोज सकाळी हात फिरवतात त्याच्यावरून," मिर्याना म्हणाली, आणि या वयात तिचे कान लाल झाले.

सहावी खोली अर्थातच तयार नव्हती. आणखी दोन दिवस, असं स्टिपेने सांगितलं, आणि नातीचा पाळणा स्वतः उचलून बैठकीत चित्राखाली ठेवला. मिर्याना म्हणाली, इथे नको, तिकडे आमच्या खोलीत ठेवू. का नको, हे तिला सांगता आलं नाही. स्टिपे हसला. या घरातली सगळ्यात भक्कम भिंत हीच आहे, मी छातीठोकपणे सांगतो, असं तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

लेफ्तेरिस बाळाला बघायला आला तो दुसऱ्या दिवशी. हा ग्रीक म्हातारा स्टिपेचा जुना भागीदार, एका पायाने लंगडा आणि जिभेने दोन्ही पायांनी धावणारा. स्टिपे आत ड्रिल चालवत होता, कप थरथरत होते. लेफ्तेरिसने निकाच्या मुठीत एक नाणं ठेवलं, हिचं नाक आजोबांवर गेलं नाही म्हणून देवाचे आभार मानले, कॉफीत तीन चमचे साखर घातली. मग चित्राजवळ गेला आणि तोही नाक लावून बघायला लागला. तोही हात फिरवायला लागला, तिरक्या रेषेत.

मिर्यानाला हसू आलं. तुम्हा दोघांनाही चित्र लांबून बघायचं कळत नाही का, असं तिने विचारलं.

"चित्र नाही बघत, वहिनी. कागद बघतोय." त्याने भिंतीवर बोट आपटलं. "स्टिपे मला म्हणाला होता, भेगेवर पट्ट्या लावतोय आणि त्या फाटतायत. मग म्हणाला, बायकोने पूर्ण भिंतच कागदाने मढवली, आता एक ओरखडा नाही, थांबली भेग. आम्ही खाणीत असंच करतो. भेगेवर कागद डकवायचा. खडक केसभर हलला तरी कागद फाटतो. फाटला की पळायचं. शाबूत असला की निवांत जेवायचं."

मिर्यानाने हातातला कप खाली ठेवला. पट्ट्या फाटत होत्या. म्हणून दुसरी, म्हणून तिसरी. आणि तिने त्यांच्यावर काय घातलं होतं? फाटायची नाही अशी चादर.

"लुत्से, निकाला घेऊन बाहेर जा," ती म्हणाली. "गाडीपाशी जा. टेकडीवरून लांब."

"एवढ्या उन्हात? आत्ताच झोपलीय गं."

"जा म्हणते ना."

लुत्सेने आईचं तोंड बघितलं आणि पोर उचलली. लेफ्तेरिस अजून कॉफीचा कप हातात धरून काय झालं, काय झालं करत होता. मिर्यानाने टेबलावरची पुठ्ठा कापायची सुरी घेतली आणि मधल्या चेहऱ्याच्या निळ्या ओठांत खुपसली. कागद फाटेना. चादर फाटेना. ती लोंबकळली, सुरी दोन्ही हातांनी खाली ओढली, तेव्हा ते कापड चरचरत उघडलं आणि मागून ओंजळभर वाळू तिच्या पायांवर सांडली.

भेग छतापासून जमिनीपर्यंत गेली होती. तिच्या कडेला वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे अर्धे-अर्धे तुकडे चिकटलेले होते, एकमेकांपासून तीन बोटं लांब. आणि त्या फटीतून पलीकडचा उजेड येत होता. स्टिपेच्या दिव्याचा. त्या उजेडात त्याच्या शर्टाची पाठ हलताना दिसत होती.

लेफ्तेरिसने कप टाकला. बाहेर ये वहिनी, असं तो ओरडला, पण ती स्वयंपाकघरातून मागच्या खोलीकडे धावली.

सहाव्या खोलीत धुळीने काही दिसत नव्हतं. स्टिपेच्या कानांवर आवाज अडवणारे टोप होते, त्याला हाका ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याच्या खांद्याला हात लावायला तिला धीर होईना, ड्रिल हातून सटकला तर? तिने भिंतीतली वायर धरून ओढली. ड्रिल थांबला. तेव्हा तिला खडकाचा आवाज ऐकू आला. आता तो टक् करून थांबत नव्हता, दात खात होता.

"कुणी काढली?" स्टिपे वळला. "वेड लागलं का तुला?"

"चित्राखाली चादर आहे. तुझ्या आईची."

"आईची चादर घेतलीस? तू..." तो तिथेच थांबला. राग तोंडावर तसाच होता, पण डोळ्यांत दुसरंच काही आलं. तो तिला ओलांडून फटीपाशी गेला, त्याने तिच्यात बोटं घातली, मग तळहात, मग मनगटापर्यंत हात गेला.

"रोज बघत होतो मी," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "रोज सकाळी. कागद शाबूत होता."

"मला वाटलं तू चित्र बघतोस."

वरून खडे पडायला लागले. त्याच्या कामाच्या बाजूला, दिव्याखाली, हिरवा-लाल पट्टा खरोखरच होता, बोटभर, ओल्यासारखा चमकत. स्टिपेने एकदा तिकडे बघितलं. मिर्यानाने त्याच्या शर्टाचा गळा मुठीत धरला आणि बैलाला ओढावं तसं ओढलं, आणि तो आला. स्वयंपाकघराचं दार अडलेलं होतं. पलीकडून लेफ्तेरिसने आपला लंगडा पाय सोडून दुसऱ्याने लाथ घातली तेव्हा ते उघडलं.

बाहेर ऊन इतकं होतं की काही दिसेना. लुत्से गाडीच्या सावलीत बाळाला छातीशी धरून उभी होती. ते तिच्यापर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात पायांखालून दणका आला. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी खाली एक जड दार लोटावं तेवढाच. मग टेकडीच्या माथ्यावरच्या हवेच्या नळांतून पांढरी धूळ वर आली, आधी बैठकीच्या नळातून, नंतर स्वयंपाकघराच्या, आणि वारा नसल्यामुळे ती तिथेच उभी राहिली.

शेजारीपाजारी धावत आले. सगळे बाहेर आहेत ना, असं प्रत्येकाने विचारलं. लेफ्तेरिस छातीवर क्रूस काढत राहिला. लुत्से रडत होती, पण आवाज न करता, पोर उठू नये म्हणून. मिर्यानाच्या डोळ्यांसमोर फक्त पाळणा होता. तो आतच राहिला होता, भिंतीखाली.

स्टिपे गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता. मग त्याने बायकोकडे बघितलं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, हे तिला त्याच्या तोंडावरून कळलं. इतक्या वर्षांत तो क्वचितच तसा प्रयत्न करायचा.

"लुत्सेचं चित्र गेलं गं," तो म्हणाला. "चांगलं काढलं होतंस. अगदी तिच्यासारखं."

लुत्सेने मान दुसरीकडे वळवली. मिर्यानाला ते तिथेच सोडून देता आलं असतं. त्याचं घर गेलं होतं, खडकातला रंग गेला होता, आता आणखी काय घ्यायचं त्याच्याकडून? पण महिनाभर ती दाराआडून त्याचा तो हात बघत आली होती, आणि आता तिच्या जिवाची जी आग होत होती ती दाबता येईना.

"लुत्सेचं नव्हतं ते," ती म्हणाली. "तुझं होतं. नऊच्या नऊ."

स्टिपेने तिच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. लुत्सेने होकारार्थी मान हलवली. मग तो टेकडीकडे बघत बसला.